विश्लेषण : हातातला दिवा आठवतो, पण मृत्यूचे आकडे? फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी आजच्या आयसीयूला काय दिले?

दरवर्षी १२ मे रोजी जागतिक परिचारिका दिन साजरा होतो. नर्सिंग महाविद्यालयांत दिवे पेटवले जातात, पांढऱ्या गणवेशातल्या विद्यार्थिनी शपथ घेतात आणि भाषणांत फ्लोरेन्स नाइटिंगेल यांचा उल्लेख सेवेची देवी म्हणून होतो. हा दिवस त्यांच्या जन्मदिनाचा. मात्र ज्या स्कुटारीच्या रुग्णालयात त्यांचा दिवा प्रसिद्ध झाला, तिथे त्या पोहोचल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात सुमारे चार हजार सैनिक मरण पावले. रात्रंदिवस सेवा सुरू असूनही मृत्यू थांबत नव्हते. ते का थांबत नव्हते, याचा शोध नाइटिंगेल यांनी युद्धानंतर घेतला. त्या शोधातून रुग्णालय कसे चालवावे, परिचारिकांचे नेतृत्व कोणी आणि कसे करावे, अत्यवस्थ रुग्णावर सतत नजर कशी ठेवावी, याचे नियम तयार झाले. आजच्या अतिदक्षता विभागातल्या इन्चार्ज सिस्टरच्या कामाचा पाया तिथे सापडतो.

श्रीमंत घरातली मुलगी या कामाकडे कशी वळली?

फ्लोरेन्स यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लोरेन्स शहरात झाला. शहराचेच नाव त्यांना मिळाले. त्यांची थोरली बहीण नेपल्समध्ये जन्मली, म्हणून तिला त्या शहराचे प्राचीन ग्रीक नाव पार्थेनोपी देण्यात आले. आई-वडील इंग्रज, घर सधन. डर्बीशायरमध्ये ली हर्स्ट आणि हॅम्पशायरमध्ये एम्बली पार्क अशी त्यांची दोन मोठी घरे होती.

वडील विल्यम यांनी दोन्ही मुलींना घरीच शिकवले. लॅटिन, ग्रीक, इतिहास, तत्त्वज्ञान असे त्या काळी मुलांना शिकवले जाणारे विषय मुलींच्याही वाट्याला आले. फ्लोरेन्स यांना गणिताची विशेष ओढ होती. वयाच्या सोळाव्या वर्षी, फेब्रुवारी १८३७ मध्ये, ईश्वराने आपल्याला सेवेसाठी बोलावल्याची जाणीव त्यांना झाली. ही सेवा म्हणजे रुग्णसेवा, हे पुढच्या काही वर्षांत त्यांच्या मनात पक्के झाले.

घरच्यांना ते मान्य नव्हते. त्या काळच्या इंग्लंडमध्ये रुग्णालयातली नर्स म्हणजे अशिक्षित, गरीब आणि बहुधा दारूच्या आहारी गेलेली बाई, असा समज होता. पैसेवाल्यांवर घरीच उपचार होत. रुग्णालयात जात ते गरीब. १८४५ मध्ये सॅलिसबरीच्या रुग्णालयात काम शिकण्याची इच्छा त्यांनी बोलून दाखवली, तेव्हा घरात मोठा गदारोळ झाला आणि तो बेत बारगळला. १८४९ मध्ये रिचर्ड मॉन्कटन मिल्न्स या कवी आणि खासदाराचे स्थळ त्यांनी नाकारले. अखेर १८५१ मध्ये जर्मनीतील कैसर्सवर्थ येथे एका ख्रिस्ती संस्थेच्या रुग्णालयात सुमारे तीन महिने प्रशिक्षण घेण्याची संधी मिळाली. तेव्हा त्या ३१ वर्षांच्या होत्या.

नेतृत्वाची पहिली परीक्षा कुठे झाली?

ऑगस्ट १८५३ मध्ये लंडनच्या अप्पर हार्ली स्ट्रीटवरील एका छोट्या रुग्णालयाच्या अधीक्षकपदी त्यांची नेमणूक झाली. आजारी आणि एकाकी सुशिक्षित महिलांसाठी ही संस्था चालवली जात होती. पद बिनपगारी होते. वडिलांनी वर्षाला ५०० पौंडांची सोय केल्यामुळेच ते स्वीकारता आले.

तिथे त्यांनी हाती घेतलेली पहिली कामे पाहिली, तर त्यांची पद्धत लक्षात येते. प्रत्येक मजल्यावर नळाने गरम पाणी हवे, स्वयंपाकघरातून जेवण वर आणण्यासाठी छोटी लिफ्ट हवी आणि रुग्णाने घंटी वाजवली की कोणी बोलावले ते नर्सला लगेच कळायला हवे, असा आग्रह त्यांनी धरला. नर्सचा दिवस जिने चढण्या-उतरण्यात गेला, तर ती रुग्णाजवळ थांबणार कधी, हा साधा हिशेब त्यामागे होता. आज आयसीयूत खाटेशेजारी असलेले कॉल बटण आणि हाताशी ठेवलेली औषधांची ट्रॉली याच विचाराची पुढची रूपे आहेत.

स्कुटारीत नेमके काय घडले?

१८५३ मध्ये सुरू झालेल्या क्रिमियन युद्धात पुढच्या वर्षी ब्रिटन आणि फ्रान्स तुर्कस्तानच्या बाजूने रशियाविरुद्ध उतरले. जखमी आणि आजारी ब्रिटिश सैनिकांना जहाजाने काळा समुद्र ओलांडून कॉन्स्टँटिनोपलसमोरच्या स्कुटारीला आणले जाई. आज हा भाग इस्तंबूलमधील उस्कुदार म्हणून ओळखला जातो. तुर्की सैन्याच्या एका प्रचंड बराकीचे तिथे रुग्णालय करण्यात आले होते. तिथल्या हलाखीच्या बातम्या लंडनच्या ‘द टाइम्स’मध्ये छापून आल्या आणि ब्रिटनमध्ये संताप उसळला.

युद्ध खात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट हे नाइटिंगेल यांचे स्नेही होते. परिचारिकांचे पथक घेऊन जाण्याची विनंती त्यांनी पत्राने केली, तेव्हाच नाइटिंगेल यांचे जाण्याची तयारी दाखवणारे पत्रही वाटेत होते. २१ ऑक्टोबर १८५४ रोजी ३८ महिलांचे पथक लंडनहून निघाले आणि ४ नोव्हेंबरला स्कुटारीत पोहोचले. पथकात कॅथलिक जोगिणी होत्या, अँग्लिकन सिस्टर होत्या आणि रुग्णालयांत पगारावर काम केलेल्या नर्सही होत्या. नाइटिंगेल यांचे वय तेव्हा ३४ होते.

लष्करी डॉक्टरांना या बायका नको होत्या. त्यांनी पथकाला वॉर्डात काम दिले नाही. नाइटिंगेल यांनी वाद घातला नाही आणि डॉक्टरांना डावलून वॉर्डात शिरण्याची परवानगीही आपल्या नर्सना दिली नाही. डॉक्टर सांगतील तेव्हाच काम, असा नियम करून त्यांनी सर्वांना पट्ट्या आणि उशा शिवायला बसवले. डोळ्यांसमोर माणसे विव्हळत असताना हात बांधून बसणे काही नर्सना असह्य झाले. पण ५ नोव्हेंबरच्या इंकरमनच्या लढाईनंतर जखमींचे आणि आजाऱ्यांचे लोंढे आले आणि डॉक्टरांनीच मदतीसाठी हाक दिली. एकदा आत गेलेल्या नर्सना नंतर कोणी बाहेर काढले नाही.

करुणा म्हणजे रोजच्या कामात काय?

बराकीत खाटा कमी पडत होत्या, तेव्हा माणसे जमिनीवर झोपवली जात. कपडे धुण्याची सोय नव्हती. सर्वांसाठी मोठ्या कढयांत एकच मांस शिजत असे. ज्याला गिळता येत नाही त्यालाही तेच. सामान गोदामात असले तरी कागदपत्रे पूर्ण झाल्याशिवाय बाहेर येत नसे.

नाइटिंगेल यांनी जवळचा पैसा आणि ‘द टाइम्स’च्या वाचकांनी जमवलेला निधी वापरून बाजारातून सामान आणायला सुरुवात केली. घासायचे ब्रश, टॉवेल, शर्ट, थाळ्या, चमचे अशी ती यादी होती. एक घर भाड्याने घेऊन त्यात पाणी तापवण्याची भांडी बसवली आणि सैनिकांच्या बायकांना कपडे धुण्याच्या कामावर लावले. अत्यवस्थ रुग्णांसाठी पातळ आणि पचायला हलके अन्न शिजवणारी वेगळी स्वयंपाकघरे उभारली. डिसेंबरमध्ये शेकडो नवे रुग्ण येणार असल्याची बातमी आली. तेव्हा पडझड झालेल्या वॉर्डांची दुरुस्ती त्यांनी सरकारी मंजुरीची वाट न पाहता स्वतःच्या जबाबदारीवर मजूर लावून करून घेतली. ते पैसे सरकारने नंतर दिले.

रुग्णाच्या मनाचा विचारही त्यात होता. हात-पाय कापण्याच्या शस्त्रक्रिया वॉर्डातच होत आणि शेजारच्या खाटेवरचा सैनिक आपली पाळी कधी येते याची वाट पाहत ते सारे बघत असे. नाइटिंगेल यांनी मध्ये उभे करायला पडदे मागवले. आजही आयसीयूत एका खाटेवर धावपळ सुरू झाली, की नर्स आधी पडदा ओढते.

मरण पावलेल्या सैनिकांच्या घरी त्या पत्रे लिहीत. शेवटचे दिवस कसे गेले, मागे काय वस्तू राहिल्या, हे आई-बायकोला कळवत. बऱ्या होणाऱ्या सैनिकांसाठी त्यांनी वाचनाच्या खोल्या काढल्या. पगार दारूत जाऊ नये म्हणून घरी पैसे पाठवण्याची व्यवस्था लावली. सैनिक पैसे उडवणारच, असे मानणाऱ्या अधिकाऱ्यांना मोठमोठ्या रकमा घरी जाऊ लागल्यावर आश्चर्य वाटले.

रात्री त्या कंदील घेऊन वॉर्डांतून फिरत. हा कंदील घडीच्या तुर्की आकाशकंदिलासारखा होता. चित्रांत आणि पुतळ्यांत दिसणारा अल्लाउद्दीनच्या दिव्यासारखा दिवा नंतरच्या कलाकारांनी त्यांच्या हाती दिला. १८५७ मध्ये अमेरिकन कवी लॉन्गफेलो यांनी त्यांच्यावर कविता लिहिली आणि ती प्रतिमा जगभर पोहोचली. ती फेरी मात्र निव्वळ धीर देण्यासाठी नव्हती. कोणाची पट्टी भिजली आहे, कोणाला पाणी मिळालेले नाही, कोण शेवटचे श्वास घेत आहे, याची ती पाहणी होती. आयसीयूत रात्रपाळीची सिस्टर दर तासाला करते ती नोंद याच जातीची.

इतकी सेवा असूनही माणसे का मरत होती?

नाइटिंगेल आल्यावर मृत्यू लगेच घटले, असे समजले जाते. आकडे वेगळे सांगतात. १८५४-५५ च्या हिवाळ्यात मृत्यू वाढत गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये स्कुटारीत दर १०० रुग्णांमागे सुमारे ४२ जण मरत होते. त्यातले बहुतेक जखमांनी मेले नाहीत. कॉलरा, टायफस, हगवण यांनी ते गेले. उपासमार, थंडी आणि स्कर्व्ही यांनी ते आधीच खंगलेले होते.

बराकीखाली तुंबलेली गटारे होती. संडासांची घाण आणि दुर्गंधी वॉर्डांत येत होती. हवा खेळती नव्हती आणि पिण्याचे पाणी दूषित होते. शुश्रूषा करणाऱ्या हातांना त्या जमिनीखालचे काही दिसत नव्हते.

मार्च १८५५ मध्ये ब्रिटिश सरकारने पाठवलेला स्वच्छता आयोग स्कुटारीत आला. डॉ. जॉन सदरलंड आणि अभियंता रॉबर्ट रॉलिन्सन हे त्यातले प्रमुख होते. त्यांनी गटारे धुऊन काढली, शेकडो हातगाड्या कचरा बाहेर काढला, मेलेली जनावरे पुरली, पाण्याची वाट मोकळी केली, भिंतींना चुना दिला आणि हवेसाठी झरोके पाडले. हिवाळाही सरला होता आणि गर्दी कमी झाली होती. जूनपर्यंत मृत्यूचे प्रमाण दर १०० रुग्णांमागे सुमारे २ वर आले.

नाइटिंगेल यांना त्या वेळी या घसरणीचे पूर्ण कारण उमगले नव्हते. मे १८५५ मध्ये त्या युद्धभूमीजवळ बालाक्लावा येथे गेल्या असताना तापाने जीवघेण्या आजारी पडल्या. तो बहुधा ब्रुसेलोसिस असावा, असे आज मानले जाते. त्यातून त्या वाचल्या, पण प्रकृती कायमची ढासळली. ऑगस्ट १८५६ मध्ये त्या मिस स्मिथ या नावाने गुपचूप इंग्लंडला परतल्या. स्वागताचे सोहळे त्यांना नको होते.

आकड्यांनी त्यांना काय शिकवले?

परतल्यावर त्यांनी राणी व्हिक्टोरिया यांची भेट घेतली आणि लष्कराच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी रॉयल कमिशन नेमावे, यासाठी पाठपुरावा केला. १८५७ मध्ये ते नेमले गेले. सरकारी आकडेतज्ज्ञ विल्यम फार यांच्यासोबत त्यांनी युद्धातल्या मृत्यूंची छाननी केली.

एकट्या जानेवारी १८५५ मधला हिशेब पाहिला तरी पुरे. त्या महिन्यात पूर्वेकडील ब्रिटिश सैन्यातले २,७६१ सैनिक टाळता येण्याजोग्या साथरोगांनी, ८३ जखमांनी आणि ३२४ इतर कारणांनी मेले होते. म्हणजे शत्रूच्या गोळीपेक्षा घाण तीसपटीहून अधिक प्राणघातक ठरली होती.

हे मंत्र्यांना आणि खासदारांना एका नजरेत कळावे म्हणून १८५८ मध्ये त्यांनी एक आकृती छापली. वर्तुळाचे बारा महिन्यांचे बारा भाग. टाळता येणारे आजार निळ्या रंगात, जखमा लाल, इतर कारणे काळ्या रंगात आणि मृत्यू जितके जास्त तितके त्या भागाचे क्षेत्रफळ मोठे. आज ज्याला डेटा व्हिज्युअलायझेशन म्हणतात, त्याच्या इतिहासात या आकृतीचे स्थान वरचे आहे. त्याच वर्षी लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या त्या पहिल्या महिला सदस्य झाल्या.

या आकड्यांत स्कुटारीचेही आकडे होते. आपण जिथे सेवा केली त्याच रुग्णालयाने माणसे मारली, हा निष्कर्ष त्यांनी दडवला नाही. त्याचा त्यांच्या मनावर किती आघात झाला, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पण त्यांच्या पुढच्या कामाची दिशा स्पष्ट आहे. चांगल्या मनाच्या माणसांना वाईट व्यवस्थेत उभे केले, तर रुग्ण वाचत नाही, ही गोष्ट त्यांनी उरलेल्या आयुष्यात धरून ठेवली.

आयसीयूशी थेट संबंध कुठे येतो?

नाइटिंगेल यांच्या हयातीत व्हेंटिलेटर नव्हते, मॉनिटर नव्हते. आधुनिक आयसीयूची सुरुवात १९५२ च्या कोपनहेगनमधील पोलिओच्या साथीपासून धरली जाते. श्वास बंद पडलेल्या रुग्णांना वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आळीपाळीने हाताने पिशवी दाबून दिवसरात्र श्वास दिला होता. तो अनुभव गाठीशी धरून ब्यॉर्न इब्सेन या डॉक्टरांनी पुढच्या वर्षी स्वतंत्र विभाग सुरू केला.

मात्र अत्यवस्थ रुग्णांना वेगळे, जवळ आणि नजरेत ठेवण्याची कल्पना त्याहून जुनी आहे. ‘नोट्स ऑन हॉस्पिटल्स’ या पुस्तकाच्या १८६३ च्या आवृत्तीत नाइटिंगेल यांनी छोट्या गावांतल्या रुग्णालयांची एक पद्धत नोंदवली. शस्त्रक्रियेच्या खोलीला लागून एक छोटी खोली असते आणि रुग्ण शस्त्रक्रियेच्या तात्कालिक परिणामांतून सावरेपर्यंत तिथे ठेवला जातो. आजच्या रिकव्हरी रूमचे आणि पुढे आयसीयूचे वर्णन सांगताना वैद्यकीय इतिहासकार या नोंदीपासून सुरुवात करतात.

‘नोट्स ऑन नर्सिंग’ हे त्यांचे छोटेखानी पुस्तक त्याआधी, १८५९-६० च्या सुमारास आले. ते घरोघरच्या बायकांसाठी लिहिले होते. त्यातले काही मुद्दे आजच्या आयसीयूतही जसेच्या तसे लागू पडतात.

आवाज : अनावश्यक आवाज हा रुग्णाचा छळ आहे, असे त्यांचे म्हणणे होते. रुग्णाच्या खोलीत किंवा दाराबाहेर कुजबुजत बोलणेही त्यांना मान्य नव्हते, कारण रुग्ण कान टवकारून ऐकत राहतो. सततच्या अलार्ममुळे आणि मोडलेल्या झोपेमुळे आयसीयूतले रुग्ण भ्रमिष्टासारखे होतात, हे आज डॉक्टरही सांगतात.

खोटा दिलासा : काही होणार नाही, लवकर बरे व्हाल, अशी वरवरची बडबड रुग्णाला एकटे पाडते, असे त्यांना वाटे. आपल्या दुखण्याचे खरे स्वरूप त्याला माहीत असते आणि ऐकणारे मात्र कोणी नसते.

निरीक्षण : रुग्ण कसा आहे, या प्रश्नाला बरा आहे हे उत्तर त्यांना चालत नसे. किती तास झोपला, किती खाल्ले, नाडी कशी होती, हे नेमके सांगता आले पाहिजे.

हात धुणे : प्रत्येक नर्सने दिवसातून वारंवार हात धुवावेत, असे त्यांनी लिहिले. त्या वेळी जंतूंचा सिद्धांत अजून मान्य व्हायचा होता.

नेतृत्वाबद्दल त्यांचे म्हणणे काय होते?

याच पुस्तकातले एक प्रकरण किरकोळ वाटणाऱ्या व्यवस्थापनाबद्दल आहे आणि त्यांच्या साऱ्या विचाराचे सार तिथे आहे. आपण हजर असताना जे काम नीट होते, ते आपण नसतानाही तसेच होईल याची सोय लावणे म्हणजे प्रमुख असणे, अशी त्यांची मांडणी होती. मीच सगळे करते, माझ्याशिवाय इथे पान हलत नाही, असे अभिमानाने सांगणारी प्रमुख त्यांच्या लेखी अपयशी होती. तिच्या सुट्टीच्या दिवशी रुग्णाचे हाल होणार, हे उघड होते.

आयसीयूत हा मुद्दा थेट जिवाशी भिडतो. पाळी बदलताना हँडओव्हरमध्ये एक गोष्ट सांगायची राहिली, तर पुढच्या पाळीतल्या नर्सच्या दयाळूपणाने ती भरून निघत नाही. म्हणून लेखी नोंदी, ठरलेली तपासणी यादी, कोण कोणत्या खाटेला जबाबदार हे आधी ठरवणे, ही सारी करुणेचीच कामे ठरतात.

१८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नाइटिंगेल प्रशिक्षण शाळा सुरू झाली. युद्धकाळात लोकांनी कृतज्ञतेने जमवलेल्या सुमारे ४५ हजार पौंडांच्या निधीतून ती उभी राहिली. सारा वॉर्डरोपर या मेट्रन तिच्या पहिल्या प्रमुख झाल्या. शिकणाऱ्या मुलींना राहायला सुरक्षित जागा, जेवण, गणवेश आणि थोडे विद्यावेतन मिळे. परिचारिकांवर अधिकार मेट्रनचा असावा, इतर कोणाचा नसावा, असा नाइटिंगेल यांचा आग्रह होता. उपचार डॉक्टर सांगतील. पण कोणती नर्स कुठे, किती वेळ आणि कशी काम करील हे शुश्रूषा जाणणारी बाईच ठरवील, हा त्या काळात मोठा बदल होता.

त्यांच्या पद्धतीची कसोटी लिव्हरपूलच्या गरिबांच्या रुग्णालयात लागली. १८६५ मध्ये ॲग्नेस जोन्स यांनी तिथे नाइटिंगेल शाळेतल्या १२ नर्स घेऊन काम सुरू केले. शेकडो बेवारस आजाऱ्यांच्या त्या रुग्णालयाचे रूप त्यांनी पालटले. पण कामाच्या ताणात १८६८ मध्ये टायफसने वयाच्या ३५ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. नाइटिंगेल यांना तो धक्का मोठा होता. नर्सची झोप, जेवण आणि विश्रांती हा रुग्णाच्या सुरक्षिततेचाच भाग आहे, हे त्या पुढेही सांगत राहिल्या. स्वतः बहुतेक काळ अंथरुणाला खिळलेल्या असूनही त्या मेट्रन झालेल्या विद्यार्थिनींना घरी बोलावत, त्यांच्या अडचणी ऐकत, दमलेल्यांना विश्रांतीसाठी पाठवत. दूर गेलेल्यांना पत्रे जात.

मुंबई-पुण्याशी त्यांचे नाते काय?

नाइटिंगेल भारतात कधीच आल्या नाहीत. मात्र १८५९ मध्ये भारतातील ब्रिटिश सैन्याच्या आरोग्यासाठी नेमलेल्या रॉयल कमिशनचे मोठे काम त्यांनी घरी बसून केले. देशभरच्या छावण्यांना प्रश्नावल्या पाठवून माहिती मागवली. १८६३ च्या अहवालातून दिसले, की शांततेच्या काळातही दर हजारी ६९ सैनिक दरवर्षी मरत होते. छावणी स्वच्छ करायची, तर शेजारचे गाव आणि शहरही स्वच्छ हवे, हे त्यांच्या लक्षात आले आणि त्यांचे लक्ष सैनिकांकडून रयतेकडे वळले.

मुंबईचे गव्हर्नर राहिलेले बार्टल फ्रिअर १८६७ मध्ये इंग्लंडला परतले. त्यानंतर भारतातल्या सार्वजनिक आरोग्याच्या प्रश्नावर दोघांनी मिळून काम केले. मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी आणि पुढे काँग्रेसचे अध्यक्ष झालेले विल्यम वेडरबर्न त्यांचे सहकारी होते. पुणे सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. गावातले पाणी, घाण आणि आरोग्य शिक्षण हे त्यातले विषय होते. समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांच्या १८९२ च्या चरित्राला त्यांनी प्रस्तावना लिहिली.

त्यांच्यावरची टीका कोणती?

नाइटिंगेल यांचे सगळेच बरोबर होते, असे नाही. आजार दूषित हवेतून पसरतात, असे त्या दीर्घकाळ मानत होत्या आणि जंतूंचा सिद्धांत स्वीकारायला त्यांना वेळ लागला. परिचारिकांची सरकारी नोंदणी असावी, या मागणीला त्यांनी विरोध केला. परीक्षेने आणि यादीने नर्सचा स्वभाव कळत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. पण ब्रिटनमध्ये १९१९ मध्ये नोंदणीचा कायदा झाला आणि आज नोंदणीशिवाय नर्सिंगची कल्पनाही होत नाही. हाताखालच्या काही नर्सशी त्या कठोर वागल्या. क्रिमियात स्वतःच्या बळावर सैनिकांची सेवा करणाऱ्या जमैकाच्या मेरी सीकोल यांचे नाव त्यांच्या प्रसिद्धीमुळे कितीतरी वर्षे झाकले गेले. भारताकडे पाहण्याची त्यांची दृष्टीही साम्राज्याच्या चौकटीतली होती, अशी टीका होते.

आणखी एक गैरसमज शपथेबद्दल आहे. नाइटिंगेल शपथ त्यांनी लिहिलेली नाही. ती १८९३ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथे लिस्ट्रा ग्रेटर यांच्या पुढाकाराने तयार झाली. तिच्या मूळ मसुद्यात डॉक्टरांशी निष्ठेची भाषा ठळक होती. खुद्द नाइटिंगेल यांनी मात्र डॉक्टरांचा उपचार आणि परिचारिकांची व्यवस्था या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या होत्या.

आज या चरित्राचे महत्त्व का?

१९०७ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान मिळवणाऱ्या नाइटिंगेल पहिल्या महिला ठरल्या. तोपर्यंत त्यांची दृष्टी गेली होती. १३ ऑगस्ट १९१० रोजी वयाच्या ९० व्या वर्षी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन करण्याचा प्रस्ताव नातेवाइकांनी नाकारला. हॅम्पशायरमधील ईस्ट वेलो गावच्या चर्चच्या आवारात त्यांना पुरण्यात आले. दगडावर पूर्ण नावही नाही, फक्त आद्याक्षरे आणि तारखा आहेत.

भारत सरकार १९७३ पासून त्यांच्या नावाने परिचारिकांना राष्ट्रीय पुरस्कार देते. करोनाकाळात ब्रिटनने तातडीने उभारलेल्या रुग्णालयांनाही त्यांचेच नाव दिले गेले. त्याच काळात आपल्याकडे आयसीयूतल्या सिस्टर आणि ब्रदर यांच्यावर फुले उधळली गेली, टाळ्या-थाळ्या वाजल्या. व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे एक परिचारिका असावी, अशी शिफारस असते. प्रत्यक्षात एकीला अनेक खाटा सांभाळाव्या लागतात, तेव्हा रुग्णाचा हात धरायला तिच्याजवळ वेळच उरत नाही. मग नर्स तुसडेपणाने वागली, अशी तक्रार नातेवाईक करतात.

नाइटिंगेल यांनी अशा तक्रारीनंतर बहुधा आधी ड्युटीचा तक्ता मागवला असता. किती खाटा, किती नर्स, सलग किती तास, हात धुवायचे बेसिन खाटेपासून किती लांब, रात्री किती मृत्यू झाले आणि कशाने, हे प्रश्न त्यांनी आयुष्यभर विचारले. स्कुटारीतल्या चार हजार मृत्यूंनी त्यांना ते विचारायला शिकवले होते. दरवर्षी १२ मे रोजी दिवा पेटवताना प्रत्येक आयसीयूच्या इन्चार्ज सिस्टरला हेच प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे का आणि व्यवस्थापनाला त्यांची उत्तरे द्यावी लागतात का, हे पाहिले तर नाइटिंगेल यांच्या कामाचे किती आपल्यापर्यंत पोहोचले ते कळेल.